पुरातून काढलेला माल

पोलिसातून निवृत्त झालेल्या माणसाला लोक दोनच गोष्टी विचारतात. नक्षलवादी पाहिले का, आणि किती खाल्ले. पहिल्याचं उत्तर मी देत नाही आणि दुसऱ्याचं लोकांनी आधीच ठरवलेलं असतं. पूर उतरल्यावर तुम्ही काय करत होता, असं मात्र मला आजवर कोणी विचारलं नाही. संपादक म्हणाले काहीही लिहा, म्हणून तेच लिहितो आहे. फराळ करता करता वाचण्यासारखं हे नाही, तेवढं आधी सांगून ठेवतो.

मी सिंदेवाहीकडचा, धानाच्या बांधीत वाढलेला माणूस. पाणी साचलेलं दिसलं की आमच्याकडे लोक खूश होतात. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत माझी बदली झाली ती भामरागडच्या खालच्या अंगाला, नदीकाठच्या एका बाजाराच्या गावात, ठाणेदार म्हणून. गावाचं नाव लिहीत नाही. यातली बरीच माणसं अजून तिथंच राहतात आणि त्यांना माझा त्रास पुरे झाला. पावसाळ्यात रस्ता तुटणं तिथं नवं नाही, लोक तेल-मीठ आधीच भरून ठेवतात. पण त्या वर्षी नदी बाजारात शिरली आणि दुकानांच्या पत्र्यांपर्यंत चढली. सगळं गाव आश्रमशाळेच्या टेकडीवर जाऊन बसलं.

पाणी चढत असताना पोलिसाचं काम सोपं असतं. माणूस दिसला की उचलायचा आणि उंचावर नेऊन ठेवायचा. तेव्हा सेठाणी आणि तिच्या घरची भांडी घासणारी बाई एकाच ताडपत्रीखाली बसतात, एकमेकींना जागा करून देतात. खरी परीक्षा पाणी उतरल्यावर. दुकानांची दारं निखळलेली, चिखलात डाळीची पोती आणि साबणाच्या पेट्या, एकाचा पलंग दुसऱ्याच्या अंगणात. आणि वरून निरोप येतो की लुटालूट होता कामा नये, कडक राहा. कडक म्हणजे नेमकं काय करायचं, ते कोणी सांगत नाही.

माझ्या अनुभवानं लुटणारे तीन तऱ्हेचे. एक पोटासाठी उचलतो. एक दुसऱ्यानं उचललं म्हणून उचलतो, आणि घरी गेल्यावर त्यालाच कळत नाही की आपण मोटारसायकलचा आरसा कशाला आणला. तिसरा ट्रॅक्टर घेऊन येतो. पोलीस नेहमी पहिल्याला पकडतात, कारण तो पायी असतो, डोक्यावर ओझं असतं आणि उपाशी असल्यानं त्याला पळवत नाही. तिसरा आपल्याला रामराम करून जातो.

पहिल्याचा इलाज सोपा आहे, पण तो लुटीच्या आधी करावा लागतो. सरकारी धान्याचं गोदाम बाजाराच्या टोकाला होतं. खालची पोती भिजून फुगली होती, वरची कोरडी होती. किल्ली ज्याच्याकडे, तो गोदामपाल नदीपलीकडे अडकलेला. टेकडीवरच्या लोकांच्या नजरा गोदामाला चिकटलेल्या आणि माझ्याकडे मूठभर शिपाई. वायरलेसवर विचारलं तर महसूलवाले म्हणाले, लेखी आदेश येईपर्यंत थांबा. मी म्हटलं, आदेश पोहत येणार आहे का? मग हेडमास्तर आणि पोस्टमनला पंच केलं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर कुलूप मीच तोडलं, आणि बायांच्या रांगेपासून वाटायला सुरुवात केली. भरलेल्या गोदामावर पहारा देण्यापेक्षा रिकाम्या गोदामावर देणं पोलिसाला परवडतं. नंतर मला याचा खुलासा द्यावा लागला तो वेगळा. खुलासे लिहून लिहून माझं अक्षर सुधारलं.

दुसऱ्या तऱ्हेच्या लोकांसाठी मी एक खुर्ची ठेवली. शाळेच्या व्हरांड्यात, भिंतीकडे तोंड करून. दवंडी दिली की ज्याच्या घरी दुसऱ्याचं सामान आलं असेल त्यानं व्हरांड्यात आणून ठेवावं, ठाणेदार पाठमोरा बसला आहे, तो वळून पाहणार नाही. आमचा शिपाई रामसू हा तिथल्याच एका गावचा माडिया आदिवासी. मराठी, माडिया, तेलुगू, तिन्ही भाषांत सारखीच टिंगल करायचा. तो म्हणाला, "साहेब, लोकायले वाटन, ठाणेदार रुसून बसला."

पण सामान यायला लागलं. मागे पावलं वाजत, काहीतरी टेकवल्याचा आवाज होई, पावलं परत जात. वजनकाटा आला, मिक्सर आला, नुसत्या डाव्या पायाच्या चपलांचं खोकं आलं. एकदा राहवलं नाही म्हणून वळलो, तर आमच्याच ठाण्याचं टेबल.

"हे कोण घेऊन गेलं होतं बे?" मी विचारलं.

"वळून पाहाचं नाई ठरलं होतं न साहेब," रामसू म्हणाला.

राहिला ट्रॅक्टरवाला. त्याच्यासाठी दुकानांवर पहारा लावून काही होत नाही. दुकानं पुष्कळ असतात, पण गावाबाहेर जाणारी वाट एकच असते. मी माणसं वाटेवर लावायला निघालो आणि सेठनं वर तक्रार केली की माझ्या दुकानाला बंदोबस्त नाही. सेठ म्हणजे बाजारातला सगळ्यात मोठा व्यापारी, भांडी, कापड, शिलाई मशीन, सगळं विकणारा. हुकूम आला की माणसं सेठच्या दुकानासमोर उभी करा. केली. त्या दुपारी त्याच वाटेनं एक ट्रॅक्टर ताडपत्री झाकून, भरून निघून गेला, आणि आमचे शिपाई रिकाम्या दुकानासमोर बंदुका घेऊन उभे होते.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते सांगतो.

बाजारापासून दूर, नाल्यापलीकडे जंगलात माडियांचा एक टोला आहे. पंधरा-वीस घरं असतील. नाला भरून वाहत होता म्हणून माझी दवंडी तिकडे पोहोचलीच नाही. नदी बाजार सोडून निघाली की तिचं पहिलं वळण त्या टोल्याखाली, त्यामुळे वाहून गेलेलं सगळं तिथल्या झुडपांत अडकतं. त्या लोकांची जुनी रीत होती. नदीतून आलेलं काढायचं, माणूस असो, ढोर असो, की लाकूड. माणूस असेल तर त्याला शेकायचं आणि पेज पाजायची. वस्तू असेल तर गायत्याकडे द्यायची. गायता म्हणजे गावचा पुजारी आणि वडीलधारा. तो ती वस्तू शिवेवरच्या मोहाखाली उघड्यावर मांडतो आणि पुढच्या आठवडी बाजारात सगळ्यांसमोर नेतो. मालक भेटला तर मालकाची, नाहीतर बाजार उठल्यावर गावाची. आमच्या कोर्टापेक्षा निकाल लवकर लागायचा.

त्या वर्षी बाजार भरलाच नाही. बाजाराच्या जागेवर कमरेएवढा गाळ होता. नाला उतरला, वाट सुरू झाली, पण बाजार नाही, मग माल न्यायचा कुठं? टोल्यानं तो तसाच सांभाळला. पितळेचे पाण्याचे गुंड घासून पालथे घातले. साड्या नाल्यावर धुऊन, वाळवून, घड्या करून ठेवल्या. शिलाई मशीन गंजू नये म्हणून तिला मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल चोळलं. त्यांच्या लेखी उशीर झालेला नव्हता, कारण बाजार व्हायचा होता.

तेवढ्यात वरून जादा माणसं घेऊन एक साहेब आले. वाईट माणूस नव्हते, घाईत होते. सेठनं पेपरात ‘सर्वस्व लुटलं’ असं छापून आणलं होतं आणि साहेबांना कोणाला तरी अटक दाखवायची होती. टोल्यात माल आहे अशी खबर त्यांना मिळाली. मी त्या दिवशी खालच्या गावात मेलेली जनावरं पुरून घेत होतो. साहेब दुभाषा म्हणून रामसूला घेऊन गेले.

तिथं काय झालं ते रामसूनं मला सांगितलं. साहेबांनी विचारलं, हा माल इथं कोणी ठेवला? गायत्याचं नाव लालसू. तो म्हणाला, मी ठेवला. तुझा आहे का? नाही. मग परत का केला नाही? लालसू म्हणाला, बाजार भरला नाही.

साहेब म्हणाले, "म्हणजे बाजारात विकायचा होता."

"साहेब, तसं नाई," रामसू म्हणाला, "या लोकायची रीत हाये..."

"तू भाषांतर कर. वकिली करू नकोस."

रामसूनं भाषांतर केलं. तुम्हाला अटक आहे, चला, हेही त्यालाच सांगावं लागलं. लालसूनं वाद घातला नाही. बायकोला, जैनीबाईला, दोन शब्द बोलला आणि गाडीत जाऊन बसला.

मी परत आलो तोवर गुन्हा दाखल झाला होता. बाहेरच्या माणसाला सांगतो, एकाच ढिगाबद्दल पोलिसाला दोन प्रकारे लिहिता येतं. ‘सापडलेला माल’ लिहिलं तर मालकांना बोलावून देऊन टाकायचा आणि मोकळं व्हायचं. ‘चोरीचा माल’ लिहिलं तर एक आरोपी लागतो. सगळा फरक लिहिणाऱ्याच्या मनात असतो. मी साहेबांना म्हटलं, चोर कधी चोरीच्या मशीनला तेल लावून रस्त्याला दिसेल असं झाडाखाली ठेवते का? ते म्हणाले, "ठाणेदार, कायद्यात आठवडी बाजार नाही." खरं होतं, नव्हता. माझं डोकं इतकं फिरलं की मी सॅल्यूट न करताच बाहेर आलो.

तरी मला वाटलं, म्हातारा थोडे दिवस आत राहील, जामीन होईल, येईल. चंद्रपूरच्या तुरुंगात निदान दोन वेळचं मिळेल. असा विचार करणारा मी काही एकटा नव्हतो. पण एका सकाळी रामसू माझ्यासमोर येऊन नुसता उभा राहिला. त्या दिवशी टिंगल नव्हती.

"साहेब, टोल्यात मका तयार होऊन राह्यला. कोसरीबी येऊन राह्यली. पण गायता नाई त पंडुम नाई. पंडुम नाई त नवं खाता येत नाई."

कोसरी हे तिथलं बारीक भरड धान्य, आणि पंडुम म्हणजे नव्या पिकाचा सण. गायता पहिला घास धरणीला देतो, मगच गाव नवं खातं. त्याआधी कणीस तोडून तोंडात घालायचं नाही, मग पोर का रडेना. साठवणीचं धान पुरात गेलेलं. गोदामातला तांदूळ वाटून संपलेला, आणि पूल खचल्यानं जीप कशीबशी निघायची, पण धान्याचा नवा ट्रक येत नव्हता. शेतात पीक उभं आणि घरात चूल थंड. आम्ही एक माणूस नेला होता असं आम्हाला वाटत होतं, पण त्याच्याबरोबर सगळ्या टोल्याचं जेवण कुलपात घालून आलो होतो.

"दुसऱ्या कोणी केलं त चालत नाई का?" मी विचारलं.

"दुसऱ्यानं केलं म्हंजे गायता मेला असं होते."

मी स्वतः गेलो. मक्याची कणसं पिवळी पडत चालली होती, पोपट खात होते. जैनीबाई कडू कंद उकडत होती. एकदा उकडून पाणी फेकायचं, पुन्हा उकडायचं, तरी जीभ चरचरते. तिच्यामागे लालसूची म्हातारी आई गोधडीत पडून होती. मी म्हटलं, "बाई, लेकरायले अन् म्हातारीले तरी द्या. देव समजून घेईन." रामसूनं सांगितलं. तिनं माझ्याकडे न पाहता उत्तर दिलं. रामसू म्हणाला, "म्हणते का, साहेबाचा कायदा साहेब मोडते का." मी गोदामाचं कुलूप तोडलं होतं, पण ते तिला कोणत्या तोंडानं सांगणार? आम्ही ठाण्यातल्या मेसमधून निघेल ते धान्य देत राहिलो. रामसू आपल्या घरचंही नेऊन टाकायचा. पंधरा-वीस घरांना ते कुठं पुरणार.

जामीन मंजूर झाला, तर जामीनदार मिळेना. त्याच्या नावावर जमीन लागते, कागद लागतो. टोल्यात जमीन सगळ्यांची होती, कागद कोणाचाच नव्हता. तेव्हा मी सेठकडे गेलो. "सेठ, तुमची भांडी, साड्या, मशीन, सगळं ठाण्यात सुखरूप हाये. एवढं त तुमच्या माणसायनंबी सांभाळलं नसतं. म्हाताऱ्याले जामीन राहा."

सेठ म्हणाले, "अरे साहेब, पेपरमधी छापून आलं, लुटलं म्हणून. आता मीच त्याले सोडवू? लोक काय म्हणतील?"

"मग ट्रॅक्टरची गोष्ट काढू का?"

ट्रॅक्टर सेठच्या साळ्याचा होता. आत शेजारच्या दुकानदारांचा माल होता. पुरावा माझ्याकडे नव्हता, कारण पुरावा जमवणारी माणसं सेठच्या दारात उभी होती. पण मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे सेठला माहीत होतं. सेठनं पाणी मागवलं, प्याले, आणि कागद घेऊन चंद्रपूरला निघाले. याला कोणी दमदाटी म्हणतील. म्हणोत बापडे.

तरी व्हायचा तो उशीर झाला. लालसू सुटून आला तेव्हा त्याची आई गेलेली होती. कागदावर ताप आहे. तापच होता, पण रिकाम्या पोटाला साधा तापही पुरतो. त्याला सोडायला मी आणि रामसू टोल्यापर्यंत गेलो. रडारड झाली नाही. त्यानं नाल्यावर अंघोळ केली, आई कुठं पुरली ते पाहून आला, आणि त्याच सकाळी पंडुम केला. अर्धं पीक वाळून गेलं होतं. लोक सुकलेले दाणे चावत होते. मला त्या दिवशी वर्दीची लाज वाटली. आजही वाटते.

निघताना लालसू म्हणाला आणि रामसूनं मला सांगितलं, "साहेब, आता नदीचं काई काढत नाई आमी."

मी समजूत घातली. म्हटलं, असं करू नका, पुढच्या बारीले कोणी विचारलं तर माझं नाव सांगा. त्यानं मान हलवली. माडिया माणूस मान हलवतो तेव्हा त्यानं ऐकलं एवढाच अर्थ असतो.

लालसू पुढे खटल्यातून सुटला. साहेबांची बदली झाली, चांगल्या जागी झाली. मला एकदा नव्या पोरांच्या प्रशिक्षणात बोलायला बोलावलं, आपत्तीनंतर लूट कशी रोखावी यावर. मी म्हटलं, आधी जेवायला घाला, मग वाटा अडवा, लोकांना परत करायला तोंड लपवण्याइतकी जागा द्या, आणि कोणाच्या दारात माल दिसला तर पहिला प्रश्न त्यांच्या रीतीचा विचारा. पोरांनी लिहून घेतलं. एकानं विचारलं, गोळीबाराचे आदेश केव्हा द्यायचे? बाकीचे त्याचं उत्तर ऐकायला सरसावून बसले.

पुढच्या पावसाळ्यात मी अजून तिथंच होतो. पूर आला, तो आधीच्यापेक्षा लहान. खालच्या गावातून माणसं काढताना आमची नाव भोवऱ्यात उलटली. भर दुपारची वेळ. बाकी सगळे दोराला धरून निघाले. रामसूनं एका म्हाताऱ्या बाईला दोराकडे ढकललं आणि तो स्वतः धारेला लागला. टोल्याखालच्या वळणावर जांभळीच्या मुळ्या त्याच्या हातात आल्या. मी नंतर पाहिल्या, साल निघेपर्यंत धरलेल्या होत्या. तिथून टोल्यातलं पहिलं घर हाकेवर आहे. त्यानं हाका मारल्या, त्या वरून येताना आम्हालाही ऐकू आल्या.

आम्ही काठाकाठानं पोहोचलो तेव्हा लालसूनं त्याला पाण्यातून काढून काठावर ठेवलं होतं. त्याच्या डोळ्यांत चिखल गेला होता, तो लालसू बोटानं काढत होता. मी गुडघ्यांवर बसलो आणि माझ्या शिपायांसमोर मोठ्यानं रडलो. मग राग आला. मी लालसूला विचारलं, एवढ्या हाका मारल्या त्यानं, तुम्हाला ऐकू नाही आल्या? तो चिखल काढत राहिला. सगळा टोला मागे उभा होता.

मग जैनीबाई पुढे आली. भाषांतर करणारा काठावर पडला होता, म्हणून ती लालसूकडे हात करून बाजारात शिकलेल्या मराठीतच बोलली.

"तो निंगत होता. म्या पाय धरले त्याचे. सोडलेच नाई. आवाज रामसूचा हाये, मले समजलं होतं. गायत्याले न्यायले आले, तवाबी त्याचाच आवाज होता."

तिचं बयान मी घेतलं नाही. पंचनाम्यात लिहिलं की पाण्याच्या आवाजानं हाक कोणाला ऐकू आली नाही, आणि खाली सही केली. खरं लिहिलं असतं, तर तिला न्यायला जाताना मला दुसरा दुभाषा शोधावा लागला असता.